लायब्ररीशेजारच्या ताई

५ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ज्या तोंडाला कुलूप घालायला सगळं घर टपलेलं असायचं, त्याच तोंडाचा मला आता पगार मिळतो. तुमच्या विद्यापीठाने प्रवेशासाठी मुलं मिळवायचं काम आमच्या एजन्सीला दिलंय. फोन आम्ही इथून करतो, पण विद्यापीठातूनच बोलतोय असं सांगायचं. नावही एजन्सीनेच दिलंय. त्या एकाच नावाने आम्ही कितीतरी जणी बोलतो.

मुलं विचारतात, तिथे कसं आहे? मी कुठे पाहिलंय! मग तुझ्या पत्रांतलं सांगते: लायब्ररी, तिच्याशेजारची तुझी खोली. त्या खोलीत मीच बसते, असं ठोकून देते. एक मुलगी फार घाबरट. तिला घराजवळच्या कॉलेजात जागा मिळाली होती. मी म्हटलं, ये गं, मी आहे ना. तिने ती जागा सोडली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

गुडघ्यांना जप. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
बडबडी


१८ जुलै

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी घाबरट मुलगी आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता थेट माझ्या खोलीत येऊन त्या नावाच्या ताईंना विचारू लागली. अशा कुणी नाहीत म्हटलं, तर म्हणाली, आज रजेवर असतील. तेव्हापासून रोज येते. दाराकडे तोंड करून बसते. पुस्तक उघडं असतं, पान उलटत नाही. जेवणाचं विचारलं की नंतर म्हणते.

तिच्या मागोमाग आणखी काही मुलं त्याच बाईला शोधत आली. कुणाला ती वसतिगृहात बसते म्हणून सांगितलेलं, कुणाला जिन्यापाशी. आता पोरांत कुजबुज आहे की अशी एक बाई इथे होती, आणि ती वारली. शिपाई संध्याकाळी वरच्या मजल्यावर एकटा जात नाही. मी भुताखेतांना भीक घालणारी नव्हे, पण काल पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटून चक्क बसा म्हणाले.

थट्टा पुरे. पोरीने तुझ्या शब्दावर घर सोडलंय. येऊन तिला तोंड दाखव.

तुझी,
आत्या


२७ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तशीच ऑफिसात गेले. तिचा नंबर मागितला, तर साहेब म्हणाले, ॲडमिशन झाली की ते पोर आपलं नाही. मी नोकरी सोडली. निघताना मागे पाहिलं, तर माझ्या खुर्चीत नवी मुलगी बसली होती आणि तेच नाव सांगून कुणाला तरी बोलावत होती.

रविवारी येते. तिने विचारलं, तुम्ही नक्की कोण, तर काय सांगू गं?

तुझीच,
बडबडी


१२ ऑगस्ट

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

येऊन गेलीस, बरं केलंस. तिने तुझ्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि मग रडली. ते माझ्या नजरेपुढून हलत नाही. तू माफी मागून गेल्यावर ती पोटभर जेवली. वाटलं, सुटली पोर.

काल माझ्यासमोर बसून ती अभ्यास करत होती, तेवढ्यात तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला नुकताच त्याच नावाच्या ताईंचा फोन येऊन गेला होता. त्या म्हणाल्या म्हणे, मी लायब्ररीशेजारी बसते, तुझी बहीण आत्ता माझ्यासमोरच आहे, मजेत आहे, तूही ये. पोरीने फोन बाजूला धरून मला हे सांगितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. तरी आम्ही दोघींनी चारी कोपरे पाहिले, खोटं कशाला सांगू.

मग तिने बहिणीला सगळं सांगितलं. अशी कुणी नाही, पगारी बायका त्या नावाने बोलतात, माझ्याशी बोलली ती तर येऊन माफी मागून गेली. मीही फोन घेऊन समजावलं. धाकटीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हाला नसतील भेटल्या. मला भेटणार आहेत. त्यांनी कबूल केलंय.”

घरी सगळ्यांना आठवण सांग. जीव लावतेस तसाच लावत राहा. फोन मात्र सध्या करू नकोस, पत्रच लिही.

तुझी,
आत्या