गोठ्यातली प्लगवाली गाडी

प्रिय तेजस,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. नाना आहेत. आत्ता माझ्यासमोर ओसरीत बाजेवर पडलेत आणि आई बिनमिठाची भाजी वाढते म्हणून तिच्यावर खेकसताहेत. पण बरे नाहीत. मंगळवारी त्यांना झटका आला, बायपासला येत्या बुधवारची तारीख मिळालीय, आणि ते जळगावला जायला तयार नाहीत. हे फोनवर सांगितलं असतं, पण दिवाळीपासून 'नाना' हा शब्द निघाला की तू 'ताई, मीटिंग आहे' म्हणतोस. कागदाला तुझी मीटिंग लागत नाही. गावात सणाला आलेली कोकिळा उद्या पुण्याला परत चाललीय. पत्र तुझ्या हातात देऊनच घरी जायचं, असं तिला बजावलंय.

दिवाळीचं मी विसरले नाहीये. तू एवढ्या हौसेनं ती प्लग-इन हायब्रिड घेऊन आलास. तुमच्या कंपनीची, तुमच्याच टीमनं डोंगरात, चिखलात चालवून तपासलेली. ओट्यावर सगळ्यांना समजावत होतास, रोजचं जवळचं विजेवर, लांबचं पेट्रोलवर, आणि चढावर पहिल्या क्षणापासून चारी चाकं ओढतात. नाना सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. लोक हसले. तेवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले! भाऊबंदांसमोर म्हणाले, 'ह्या चार्जिंगच्या मोबाइलले वरच्या मळ्यात नेशीन त बैल लावून ओढून आना लागीन.' तू किल्ली ओट्यावर आपटलीस, 'मग लावा बैल' म्हणालास आणि भुसावळहून रेल्वेनं निघून गेलास. बापलेकांनी एकमेकांना काय म्हणायचं ते म्हणावं, पण मध्ये आई असते रे. त्या दिवशीच्या करंज्या तिनं कुणाला वाढल्याच नाहीत.

यंदा मी कानबाईच्या सणाला माहेरी आले. दोंडाईचाहून निघताना तुझे दाजी म्हणाले, तिकडे फिरायला गाडी भाड्यानं कशाला करतेस, तुझ्या भावाची गोठ्यात धूळ खात पडलीय ना? मलाही तसंच वाटत होतं. शनिवारी कानबाईच्या प्रसादाचे, रोटाचे गहू काढायला आई बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, तुला ठाऊकच आहे. आईनं नानांची काढली आणि तुझ्या नावाची काढायला हात घातला तोच थांबली. तू येणार नव्हतास. न येणाऱ्याची मूठ काढली तर त्याचा रोट खायचा कोणी? आणि पुनवेच्या आत तर तो संपवावा लागतो. नाना दारातून बघत होते. आत आले, खाली बसले, स्वतःच्या मुठीनं तुझे गहू सुपात टाकले आणि उठून गेले. मी सासरची, मला तुमचा रोट चालत नाही, त्यामुळे बोलायचा हक्कही नाही.

सोमवारी कानबाई बोळवली. मंगळवारी उघडीप होती म्हणून नाना प्रेमराजला घेऊन वरच्या मळ्यात कपाशी फवारायला गेले. दुपारी प्रेमराजचा फोन आला. हा आपला दोन वर्षांपासूनचा सालदार, एरवी त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणाला, नाना बांधावर बसलेत, छातीवर हात आहे, घामानं सदरा भिजलाय, उठवत नाहीये. मी अँब्युलन्सला फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं, गाडवाटेनं आमची गाडी चढणार नाही, पेशंटला डांबरीवरच्या फाट्यापर्यंत आणा, आम्ही तिथं उभे राहतो. शेजारची जीप बोदवडला गेलेली. ट्रॅक्टर होता, पण छातीत दुखणाऱ्या माणसाला ट्रॉलीत हादरवत आणायचं म्हणजे जिवंत माणूस आणायला जायचं की मेलेला? आई देवघराजवळची तुझी किल्ली घेऊन आली.

गोठ्यात गेले तर गाडीवर धुळीचा कण नव्हता. बोर्डाला वायर लावलेली, बॅटरी भरलेली. मी आईकडे बघितलं, तर तिनं नजर चुकवली. काटा लाल दिव्यावर होता, पेट्रोल संपत आल्याचा. पण बॅटरी भरलेली आहे, मळा काही मुंबईला नाही, असा विचार करून मी निघाले. मी म्हणजे कोण, तर दोंडाईचात दाजींची छोटी गाडी सपाट डांबरीवर चालवणारी बाई. आई मागून ओरडत होती, नाल्यात पाणी असेल तर विजेची गाडी घालू नको, शॉक लागेल. मला तेव्हा हसूही आलं नाही, कारण मलाही तीच भीती होती.

तुझ्या गाडीची एक गोष्ट मी कबूल करते, तेजस. जाताना तिनं मला एकदाही दगा दिला नाही. नाल्यात घोटाभर पाणी होतं, ते तिनं बैलगाडीसारखं संथ ओलांडलं. शॉक लागला नाही. काळ्या मातीत मी घाबरून पाय दाबला तरी चाक फिरत बसलं नाही, हळूच पकड घेऊन वर आलं. फक्त आवाज नाही, तो एक वैताग. म्हशी वाटेत उभ्या, मागून गाडी आलीय हे त्यांना कळेना. मी हॉर्न वाजवत, शिव्या देत गेले. त्या शिव्या मी नानांकडूनच शिकले, दुसरीकडून नाही.

नानांना मागच्या सीटवर आडवं केलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. प्रेमराजनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. परत नाल्यापाशी आलो आणि मी करकचून ब्रेक दाबला. वर सातपुड्यात पाऊस झाला असणार. घोटाभर पाण्याच्या जागी लाल लोंढा चालला होता, त्यात झुडपंच्या झुडपं वाहत होती. आता दुसरी एकच वाट, बर्डीची टेकडी चढून पलीकडे उतरायची, तीच खाली फाट्यावर निघते. त्या वाटेनं गुरं जातात, गाडी जाताना मी कधी बघितली नव्हती.

बर्डीच्या पायथ्याशी चिखलात मागचं चाक रुतलं. जड आहे रे तुझी गाडी. पोटात बॅटरी, पुढे इंजिन, म्हणजे दोन गाड्यांचं ओझं एकीनं वाहायचं. रुतली ती पोटापर्यंत. प्रेमराज उतरला, म्हणाला, पलीकडच्या वावरात बैलजोडी दिसतेय, दोर लावतो, ओढून काढू. तो पळणार इतक्यात मागून आवाज आला. डोळे मिटलेले, ओठ निळसर, आणि नाना म्हणाले, 'बैल लावाचे नाहीत.' मला इतका संताप आला, तेजस! माणूस मरायला टेकलाय आणि दिवाळीचा हट्ट सुटत नाही! मी ओरडले त्यांच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा तेच म्हणाले आणि प्रेमराज जागच्या जागी थिजला, कारण मालकाचा शब्द मोडायची त्याला सवय नाही. मग आम्ही दोघांनी वाळक्या तुराट्या, गोणपाट, माझी ओढणीसुद्धा चाकाखाली घातली. पाय अलगद ठेवला. गाडी थरथरली, वाकडी झाली आणि निघाली.

चढणीवर मध्येच खालून ठाण्णकन आवाज आला. कुठला तरी दगड पोटाला लागला होता. समोर एक लाल खूण पेटली. थांबून बघायची हिंमत नव्हती. गाडी चढत राहिली, पण बॅटरी डोळ्यांदेखत उतरत होती. चढ संपायच्या आत इंजिन आपोआप सुरू झालं, तुझ्या भाषेत, पेट्रोलनं हात दिला. एक ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. टाकी कोरडी. दिवाळीला तर तू भरून आणली होतीस! मी मोठ्यानं विचारलं, गेलं कुठं पेट्रोल? मागून क्षीण आवाज आला, 'फवारनीच्या पंपात.'

ऐकलंस? गाडी तर विजेवर चालते, मग टाकीतलं पेट्रोल नुसतं उडून जाईल, असा हिशोब. नळी टाकून, तोंडानं ओढून नाना पेट्रोल काढत होते आणि त्यावर पंप चालवून कपाशी फवारत होते. म्हणजे रात्री वायर लावून तुझी गाडी जिवंत ठेवायची आणि सकाळी तिचंच रक्त काढायचं. असा माणूस फक्त आपल्याच घरात जन्माला येऊ शकतो.

कशीबशी माथ्यावर पोचलो. गाडी कासवाच्या गतीनं चालत होती, स्क्रीनवर उरलेली चार्जिंग म्हणजे नुसती एक रेघ. आवाज नव्हता म्हणून नानांचा एकेक श्वास ऐकू येत होता, आणि मधूनच एक श्वास लांबला की माझा थांबायचा. खाली फाटा दिसत होता, अँब्युलन्सचा पांढरा ठिपकाही. उतारावर मी ब्रेक दाबून धरला. तेव्हा नाना म्हणाले, पाय काढ, उताराले ते आपोआप धरते, चार्ज बी होते. मला वाटलं, वातात बडबडताहेत. पण पाय काढला, आणि खरंच गाडी स्वतःच आवरत उतरू लागली, ती मेलेली रेघ हळूहळू वाढायला लागली. प्रेमराजनं तेव्हा सांगितलं. नाना जेवण झाल्यावर मळ्यात झाडाखाली बसून मोबाइलवर ह्याच गाडीचे व्हिडिओ बघतात, हिंदीतले, एकेक दोन-दोनदा. कुणी आलं की फोन उलटा ठेवतात.

उतारानं जे दिलं तेवढ्यावर आम्ही सपाटीचा तुकडा काढला आणि फाट्यावर पोचलो. अँब्युलन्सच्या दाराशी गाडी उभी केली तेव्हा स्क्रीन विझला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. तीन नळ्या बंद आहेत. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करायचं, तोवर इथंच राहा. पण नाना ऐकतात होय? काल सही करून घरी आले.

तू एकदा मला विचारलं होतंस, ताई, तू सांग, असली गाडी आपल्या रानात चालेल की नाही? तेव्हा मी हसून टाळलं होतं. आता सांगते. पोट जड आहे आणि खाली आहे, त्याला जाड पत्रा लावा. चिखलात ओझं नडतं. पण चढावर आणि पाण्यात तिनं जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो घरच्यांनी एका घरची चूल विझवली म्हणून, त्यात पाहुण्याचा काय दोष? हे तुझ्या साहेबांना माझ्या नावानं सांग हवं तर.

आता पत्र का लिहिलं ते. प्रेमराजनं ट्रॅक्टरनं ओढून गाडी परत गोठ्यात आणलीय, आणि नाना म्हणतात, जळगावला जाईन तर त्याच गाडीत, नाहीतर जात नाही. ती लाल खूण इथल्या कुणाला कळत नाही. दुसरी गाडी दारात आणली तर तोंड भिंतीकडे फिरवतात. आईनं पाया पडून बघितलं, मी रडून बघितलं. आज सकाळी म्हणाले, तेजसले चिठ्ठी लिही. मी कागद घेऊन बसले, म्हटलं सांगा. मग एवढंच म्हणाले, 'त्याले लिही, बैल लावा लागले नाहीत.' आणि कूस बदलली. एवढंच लिहून पाठवायचं होतं, तेजस. पण नुसतं तेवढं वाचून तुला काय कळलं असतं, म्हणून बाकीचं मी लिहिलं. तुझ्या वाटणीचा रोट आईनं फडक्यात बांधून ठेवलाय, तो पुनवेच्या आत तुलाच संपवायचाय. त्याच दिवशी राखी आहे. आल्यावर नानांना बरं आहे का म्हणून विचारू नकोस, ते खेकसतील. गाडी बघायला आलो, एवढंच म्हण.

वाट बघणारी तुझीच,
मोहिनीताई