फलकावरील आकडा शून्य करण्याबाबत

दिनांक : फलकावरील १६४ वा दिवस

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
काच कारखाना, मुख्य कार्यालय.

अर्जदार : हजेरी क्रमांक ४१७, पॅकिंग विभाग (लेखन : पत्नी)

विषय : प्रवेशद्वारावरील 'अपघाताविना दिवस' या फलकाचा आकडा शून्य करण्याबाबत.
संदर्भ : 'रक्त सांडले नसल्याने अपघात मानता येत नाही' हे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदाराने एकवीस वर्षे काच कापली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडू लागले. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली आणि बजावले, की मला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. या गोळीने रक्त लवकर थांबत नाही. म्हणून अर्जदाराने कटाईवरून पॅकिंगला बदली मागितली व आपण ती दिलीत. त्याबद्दल तो आजही आभारी आहे.

२. पुढे आपण फलक लावलात. आकडा शंभरावर गेला की सर्वांना एक दिवस भरपगारी सुट्टी व एकेक थर्मास. आवारात रक्त सांडले की आकडा शून्य. एकतिसाव्या दिवशी खोक्याच्या कडेने अर्जदाराचे बोट चिरले. शून्य. पुन्हा मोजणी अठ्ठावन्नवर आली आणि त्याच्या नाकाचा घोळणा फुटला. शून्य. त्र्याऐंशीला रक्ततपासणीची सुई टोचलेल्या जागेतून बाहीवर डाग आला. पुन्हा शून्य. नाकातून रक्त येणे हा अपघात नव्हे, असा अर्ज त्याने केला होता. त्यावर 'नाक आवारातच होते' असा आपला शेरा आहे.

३. त्यानंतर विभागाने अर्जदाराला वाळीत टाकले. त्याच्याकडचे कटर, सुतळी, शेवटी पेनसुद्धा काढून घेतले. दाढी करून येण्यास बंदी केली. सकाळी फाटकावर नाकात कापूस घालत व काचेला गुंडाळतात त्याच फोममध्ये गुंडाळून स्टुलावर बसवत. पाठीवर 'नाजूक' अशी चिठ्ठी कोणी लावली, हे त्याला ठाऊक आहे, पण तो चहाडी करणार नाही. पॅकिंगमधील एक बाई तेवढी बोलायची. म्हणाली, "भाऊ, त्या सुट्टीत मला आईला भेटायला जायचंय हो. तेवढे दिवस नाकाला सांभाळा." तिचे अर्जदाराला फार वाईट वाटले.

४. ब्याण्णवाव्या दिवशी मुकादम म्हणाले, "आठ दिवस गोळी नाही घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे?" अर्जदाराला ते पटले. पत्नी रोज समोर उभी राहून गोळी देई. तो ती गालात धरून ठेवी आणि मोरीत थुंकून टाकी. (हे पत्नीला आत्ता लिहितानाच कळले. वरील खाडाखोड तिची आहे.)

५. नव्याण्णवाव्या दिवशी सकाळी लेबल लावताना अर्जदाराचा उजवा हात आपोआप खाली गेला, तोंड वाकडे झाले आणि तो स्टुलावरून पडला. फोममुळे साधे खरचटलेही नाही. मुकादमांनी बॅटरी घेऊन आधी फरशी तपासली आणि ओरडले, "सांडलं नाही रे!" टाळ्या वाजल्या. त्या अर्जदाराने ऐकल्या, कारण कान शाबूत होते. गाडी त्यानंतर बोलावण्यात आली. गुठळी मेंदूत गेली होती. दुसऱ्या दिवशी शंभर पूर्ण झाले, सुट्टी मिळाली, आणि अर्जदाराचा थर्मास इस्पितळात पोचता करण्यात आला. त्याचे झाकण उघडायला दोन हात लागतात.

६. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे व अर्जदार ती आजपासून पत्नीला तोंड उघडून दाखवून घेईल. हात मात्र परत येणार नाही, असे ते म्हणतात. अर्जदार नोकरी मागत नाही, भरपाई मागत नाही, मुकादमांवर कारवाईही मागत नाही. नव्याण्णवाव्या दिवशी आपल्या आवारात अपघात झाला, एवढेच मान्य व्हावे. त्याच्या नाकाला जो मान मिळाला, तो मेंदूलाही मिळावा.

आकडा बदलण्यास माणूस मोकळा नसल्यास अर्जदार पत्नीचा आधार घेऊन स्वतः फाटकावर येईल. डाव्या हाताने त्याला अजून सही जमत नाही. शून्य जमते.

आपला नम्र आणि अजून हजेरीपटावर असलेला,
(डाव्या हाताचा अंगठा)
हजेरी क्रमांक ४१७

सोबत : इस्पितळाचा दाखला, एक प्रत.