अक्काची सुधारित आवृत्ती

चिरंजीव बारकीस,

थोरल्या अक्काचे ओंजळभर आशीर्वाद, आणि सांडतील ते मेहुण्यांना. तुझे गुडघे काय म्हणतात, कान होते तेवढेच आहेत की आणखी मागे सरकले, मेहुणे अजून जेवता जेवता झोपतात की आता झोपेतच जेवतात, ते सविस्तर कळव. माझी विचारशील तर या वेळी खरी सांगते. डावा गुडघा संपावर गेलाय आणि उजव्याला फितवतोय. दात वरचे पाच आणि खालचे तीन, पण त्यांची आपसात गाठ पडत नाही. कमरेचं बोलायला बसले तर दुपार जाईल. बावीस वर्षांत माझ्या एकाही पत्रात तू एवढं वाचलं नसशील. का वाचलं नाहीस, ते सांगायलाच हे पत्र आहे, तेव्हा चष्मा पूस आणि बूड टेकून बस.

हे पत्र नेहमीसारखं सुनेनं लिहिलेलं नाही. मी मागच्या बाल्कनीत कपडे धुवायच्या मशीनला टेकून बसलेय आणि फोनला सांगतेय. नातीनं शिकवलं. आपण बोलायचं, तो लिहितो, मग एका बाईच्या आवाजात वाचून दाखवतो. (बाई गुणी आहे. मी रागानं म्हटलेलंसुद्धा बातम्या दिल्यासारखं वाचते.) स्वल्पविराम वगैरे नात घालणार आहे, पण शब्दाला हात लावणार नाही अशी तिनं शपथ घेतलीय. तिनंच सांगितलं की मध्येच बाजूचं काही बोलायचं असेल तर आधी ‘कंसात’ म्हणायचं. मला तो कंस फार आवडला. आयुष्यभर मी बाजूचंच बोलत आले, त्याला घर असतं हे आता कळलं. तू चौथीपर्यंत शाळेत गेलीस, मी तुझे लंगोट धुवायला घरी राहिले आणि अक्षरओळखीला मुकले, तेव्हा कंस तुला आधीपासून माहीत असणार, पण सांगायचं सुचलं नाही.

सुरुवात माझ्या मुलानं केली. त्याला हल्ली जुन्याचं खूळ लागलंय. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून पुढच्या वर्षी निवृत्त होईल, तेव्हा आतापासून सराव चाललाय. गेल्या आठवड्यात भला मोठा खोका घेऊन आला आणि मला म्हणाला, “आई, डोळे मिट.” मिटले. उघडले तर समोर बाबांचा रेडिओ. तेच तपकिरी लाकूड, तेच पुढचं जाळीदार कापड, तीच दोन पांढरी बटणं, मागे दिवा लागणारी काचेची पट्टी. नात फोन धरून उभी, कारण तिला सांगून ठेवलं होतं की आजी रडेल. मी बटण फिरवलं. बोट उचलायच्या आत गाणं सुरू, आणि इतकं स्वच्छ की बाई माझ्या खांद्यावर बसून गातेय असं वाटावं. मी आपलं खरं ते बोलले, “बाबांच्या रेडिओपेक्षा शंभरपट बरा आहे रे.” त्याचं तोंड हवा गेलेल्या ट्यूबसारखं झालं.

“पण ती मजा, आई?”

“कसली मजा?”

“ती खरखर.”

आणि बारके, त्यानं कुठलंसं बटण दाबलं तर तो रेडिओ मुद्दाम खरखरायला लागला. जी खरखर जावी म्हणून बाबांनी त्याला उजव्या कानशिलात इतक्या चापट्या हाणल्या, तिला आता स्वतंत्र बटण आहे. मी म्हटलं, मग गुडघेदुखीचंही एक बसवून घे, म्हणजे सगळंच जुनं होईल. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बाबांचा तो डबा गरम व्हायला इतका वेळ घ्यायचा की बातम्या संपून हवामान लागलेलं असायचं, आणि हवामान काय, ते खिडकीतून दिसतच होतं. हे मी त्याला सांगायला गेले तर म्हणतो, “आई, तुला भावनाच नाहीत.” भावना आहेत, पण त्या नीट ऐकू आल्या तर कुठं बिघडतं?

(नवा रेडिओ फ्रिजवर ठेवलाय. खरखर बंद करून.)

बापाचा रुसवा काढायला नातीनं तुझ्या लेकाला निरोप धाडला, की आत्याकाका... (थांब, तो तिचा कोण लागतो हे मला कधीच धड सांगता आलं नाही, जो कोण लागत असेल तो) जुन्या खऱ्या रेडिओचा फोटो आहे का. तो आपल्या औषधांच्या दुकानात बसल्या बसल्या म्हणाला, फोटो नाही, पण आई तुमच्याकडे यायची तयारी करतेय, पत्रांचा बिस्किटाचा डबा काढून बसलीय, त्यात रेडिओचं एक पत्र आहे. आणि त्यानं पत्राचा फोटो पाठवला. नात म्हणाली, “आजी, तुझंच पत्र, ऐक.” फोनमधल्या बाईनं वाचलं: “बारके, रेडिओ गेला त्याचं काही नाही. तुझ्या घरी चारचौघांत मी तुला नको ते बोलले. माझं चुकलं. तुझ्या एका ओळीची वाट पाहते.”

मी म्हटलं, “हे पत्र माझं नव्हे. या बाईला दुसऱ्या कुणाचं तरी दिलंय.”

“आजी, खाली तुझं नाव आहे. अक्षर आईचं आहे.”

आता आठव. पंधरा वर्षांपूर्वी तू बाबांचा रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकलास. मी तुझ्याकडे आले, कपाटावर रिकामी जागा बघितली आणि तुझ्या पाहुण्यांसमोर तुला काय काय म्हटलं. मग सव्वा वर्ष आपला अबोला. तो मोडायला नव्हे, आणखी घट्ट करायला मी सुनेला पत्र सांगायला बसले. दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत सांगत होते. जिला बापाच्या वस्तूची कदर नाही तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही, इथपासून सुरुवात होती, आणि ती सुरुवात बरी म्हणावी असा पुढचा मजकूर होता. पान अर्धंच भरलेलं दिसलं म्हणून मी विचारलंसुद्धा. ती म्हणाली, “अक्षर बारीक काढलंय, आई.” वाचून दाखव म्हटलं, तर तिनं ते हातात धरून माझा शब्द न् शब्द वाचून दाखवला. मध्ये पान उलटलंसुद्धा. मागे काही लिहिलेलंच नव्हतं, बारके. छापखान्यातली बाई ती, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका लाल पेन्सिलीनं काढतेय. एवढी पानं डोक्यात ठेवते, तिला माझा एका दुपारचा राग पाठ करायला कितीसा वेळ लागणार.

आठ दिवसांत तुझं उत्तर आलं, “जाऊ दे अक्का, तू एवढं म्हटलंस, मीही विसरले.” मला वाटलं, बघा, खडसावलं की माणूस कसं ताळ्यावर येतं. चौदा वर्षं मी त्या विजयावर जगलेय. शेजारपाजारच्या दोघीतिघींना तसंच खडसावायचा सल्लाही दिलाय. (त्यांच्या बहिणी अजून बोलत नाहीत.)

मग मी नातीला म्हटलं, मागव आणखी. सात पत्रं आली. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीच्या मशीनवर मी अर्धा तास बोलले होते, पत्रात निघालं, “शेजार चांगला आहे.” मेहुण्यांच्या पोटावर मी जो विनोद केला होता (चांगला होता, भेटीत सांगेन), त्याचं झालं, “मेहुण्यांना सप्रेम नमस्कार.” सून स्वयंपाकात मीठ मोजून घालते, मुलगा तिला काही बोलत नाही, मला या घरात कोण विचारतं, ही माझी दर पत्रातली हक्काची तक्रार. ती सातही पत्रांत एकाच ओळीत बसलीय, “इकडे सर्व खुशाल.” आणि खरं सांगू, ऐकताना मला ती अक्का आवडायला लागली. सगळ्यांची विचारपूस करते, कुणाला लागेल असं बोलत नाही, वेळेवर थांबते. अशी थोरली बहीण मला असती तर मीही तिची पत्रं डब्यात जपली असती. छापखान्यात याला सुधारित आवृत्ती म्हणतात. सून सांगत असते की नवी निघाली की जुनीला कुणी विचारत नाही, ती गोदामात जाते. मी आता मशीनला टेकून बसलेय, म्हणजे गोदामाच्या दारातच.

काल संध्याकाळी सून आली. पिशवी खुंटीला अडकवली, “आई, चहा घेतलात?” म्हणाली. मी तोंड उघडलं होतं, चांगलं भरून उघडलं होतं. बाहेर काय पडलं, तर “घेतला.”

आता तुझं ते शेवटचं पत्र. तू लिहितेस की रविवारी येते, महिनाभर राहते, डबा बरोबर आणते, आपण दोघी बसून वाचू. आणि पुढे लिहितेस, “पत्रातली अक्का मला नेहमीच जास्त आवडली, आता वयानं प्रत्यक्षातलीही तशीच झाली असेल.” बारके, नाही झाली. तुला ज्या अक्काला भेटायचंय ती या घरात राहत नाही. ती सकाळी साडेनऊला पिशवी घेऊन छापखान्यात जाते. इथे मी आहे. आल्या आल्या मी तुला म्हणेन की जाड झालीस, तुला ऐकू जाणार नाही, मी पुन्हा मोठ्यानं म्हणेन, आणि तिसऱ्या दिवशी तू तिकीट काढशील. म्हणून आधीच कळवतेय. फसवून माणूस बोलावलं असं नंतर म्हणू नकोस.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती कंसाबाहेर सांगते. मुलगा त्या रेडिओवरून रुसला तेव्हा मी त्याला जुन्याच्या गमती सांगायला लागले. ती खिडकीबाहेरची तार आठवते? कुणीतरी हातात धरून उभं राहिलं की स्टेशन लागायचं, सोडलं की जायचं. मी हसत हसत सांगत होते, बाबा आरामखुर्चीत, मी त्यांच्या पायाशी, काय गाणी लागायची. तर नात विचारते, “तार कोण धरायचं?” मी म्हटलं, बारकी. “ऊन असलं तरी?” हो. “मग तिला ऐकू यायचं का?” मी म्हटलं, बाहेर कुठलं ऐकू येणार, खिडकीला काच होती. हे बोलले आणि मला ती काच दिसली. तू एवढीशी, हात वर करून उभी, आणि आम्ही आतून ओरडायचो, “हलू नकोस गं.” तुझा हात दुखला की आमचं गाणं जायचं, आणि बोलणी तुला बसायची. रेडिओचा तो डबा तू भंगारात दिलास. मी तुझ्या जागी असते तर आधी हातोडी घेतली असती.

असो. यायचं की नाही ते तूच ठरव. तुझ्या लेकाला हे मोठ्या अक्षरांत छापून द्यायला सांगितलंय, म्हणजे दुपारच्या आतच तुझ्या हातात पडेल.

तुझी,
अक्का (जुनी, न सुधारलेली)

ता. क. मला सगळं कळलंय हे सुनेला कळता कामा नये. आलीस तर डबा तिच्यासमोर उघडू नकोस. तिला कळलं तर ती लाजून हात आखडेल आणि मी सांगेन तेच लिहायला लागेल, मग माझं कसं होणार?

पुन्हा ता. क. सातांपैकी एक पत्र माझ्या मोठ्या दुखण्यानंतरचं आहे. त्यात मी सांगितलं होतं की ही पोरगी रोज रजा काढून उशाशी बसली, ही नसती तर मी नसते. ते वाक्य शोधायला लावलं. नाही. तेही तिनं काढून टाकलंय. तिथेही “इकडे सर्व खुशाल.” म्हणून फोनला सांगून इथे पुन्हा लिहून घेतलंय. हे तुझ्यापाशी राहू दे, तिला दाखवू नकोस. मिठावरून भांडायला मला तोंड उरणार नाही.

अगदी शेवटचं. एवढं पत्र खरं तर एका ओळीसाठी होतं. चौदा वर्षांपूर्वी ती सुनेनं लिहिली, ती आता माझ्या तोंडानं जावी असं मनात होतं. सकाळपासून तीनदा बसले. ‘माझं’ एवढं येतं. पुढचं येत नाही. हा फोन थोडा वेळ वाट बघतो आणि बंद पडतो. बाकी सगळ्यात सुनेपेक्षा सरस आहे गं, पण न बोललेलं याला लिहिता येत नाही. ती सहाला येते. आल्यावर तिला कागद घेऊन बसवते आणि तुला भरपूर शिव्या सांगते. ते पत्र हाती पडेपर्यंत तिकीट परत करू नकोस.