वाटीत ठेवलेली हळद

मीरा रोड, ४ एप्रिल २०२५

ती. दादास, पंचशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनच्या उजेडाने डोळे चुरचुरतात, म्हणून हे पत्र लेकीकडून, नेहाकडून लिहून घेतेय. उजवा डोळा लालभडक झालाय, उन्हाकडे बघवत नाही. शेजारच्या चंपाबाई म्हणाल्या, डोळे आलेत, आपोआप बरे होतील. काळा चष्मा लावून आतल्या खोलीत एकटीच बसते. दवाखान्यातही गेले नाही. रांगेत लेकुरवाळ्या बायका असतात, त्यांना लागण कशाला? मधुमेहाच्या गोळ्या संपल्यात, त्याही आणायच्या राहिल्या.

संघर्षच्या हळदीला पहिला हात आत्याचा, हे विसरू नकोस. येऊ ना?

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी पंचशीला

मंडणगड, ११ एप्रिल

चि. पंचशीलास अनेक आशीर्वाद.

काळ्या चष्म्यात आलीस तर लोक नवरदेव सोडून तुलाच बघतील. पण खरं सांगतो, डोळे निवळल्याशिवाय येऊ नकोस. घर पाहुण्यांनी भरलंय, थोरल्या सुनेचं बाळ अंगावर पितंय. धण्याच्या पाण्याच्या घड्या ठेव. गोड खाऊ नकोस, हे मी लाडू खाता खाता लिहितोय. तुझ्या वाटची हळद वाटीत काढून ठेवतो.

रागावू नकोस.
श्रीपतीदादा

मीरा रोड, ९ मे

ती. दादास जयभीम.

लग्नाचे फोटो नेहाने सांगितले, कोण कुठे उभं आहे ते. हळदीच्याच दिवशी डोळा असा ठणकला की तिने मला ओढतच दवाखान्यात नेलं. दादा, डोळे आलेच नव्हते. डोळ्याच्या आत सूज होती. साखर बेसुमार वाढलेली, त्यामुळे ती बळावली. यातून कुणाला लागण होत नाही म्हणे. म्हणजे बाळाला मांडीवर घेतलं असतं तरी चाललं असतं.

थेंबांनी सूज उतरली, डावा डोळा चांगला आहे. पण यायला उशीर केलात, उजव्याने आता धुरकटच दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. तुला दोष नाही. तू लिहिलं नसतंस तरी मी अशीच दार लावून बसले असते. पण मला हळदीला यायचं होतं रे.

माया कमी करू नकोस.
पंचशीला

मंडणगड, १८ मे

चि. पंचशीलास आशीर्वाद.

पत्र घरात मोठ्याने वाचायला घेतलं, निम्म्यावर थोरल्या सुनेच्या हातात दिलं. मी सगळ्या वऱ्हाडाची काळजी केली, तेवढी बहिणीची राहिली. डॉक्टरला दाखवलंस का, एवढं विचारायला हवं होतं. त्याऐवजी येऊ नकोस म्हणून लिहिलं. फार वाईट वाटतंय.

माझीही साखर तपासली. आहे. लाडू बंद केलेत.

रविवारी पोरं तुझ्याकडे येताहेत. वाटी सोबत देतोय.

तुझा दादा

मीरा रोड, २६ मे

ती. दादास जयभीम.

पोरं येऊन गेली. हळद वाळून खडखडीत झाली होती, पाणी घालून भिजवली. संघर्षला लावली. नव्या सुनेला लावायला गेले तर बोट हवेतच राहिलं; एका डोळ्याने अंतर अजून कळत नाही. गाल पुढे करून तिने माझ्या बोटाला टेकवला.

आता तू डोळे दाखवून ये, दुखत नसले तरी. आपल्या दोघांत मिळून तीन धड डोळे उरलेत, तेवढे राखू.

तुझी पंचशीला