लिंबाच्या वासाच्या अळ्या

रविवार, संध्याकाळ

आज एकही मरळ लागली नाही. लासूर स्टेशनच्या अलीकडचा नेहमीचाच पाझर तलाव, तीच गवताची कड, गळाला तीच जांभळी रबरी अळी. तिला शिशाचं वजन बांधायचं नाही, काही नाही. टाकायची, बुडू द्यायची, मधूनच जरा ओढायची. एवढंच तर काम! दोनदा मरळीनं तोंडात घेतली आणि लगेच थुंकली. असं कधी होत नाही. माझंच काही चुकलं का?

शेवटी अळी नाकाशी नेली. लिंबाचा वास.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी मासा धरून सोडून देतो, तरी आईला हा नाद पटत नाही. म्हणून अळ्यांची डबी दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर. आई तिला कधी हात लावत नाही.

घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "किती तेलकट झाल्या होत्या रे त्या! भांड्याच्या साबणानं घासून ठेवल्या. जिवंत अळी टोचत नाहीस, तेवढं तरी बरं करतोस."

मुद्दाम लावलेल्या त्या तेलाच्या वासामुळंच तर मरळ अळी धरून ठेवते. पण हे तिला सांगू कसं? तिनं डबी उघडली, हेच केवढं.

"मिळाला का मासा?" हेही आज पहिल्यांदाच विचारलं.

"मिळाला. सोडून दिला."

"बरं केलंस. आता दर शनिवारी घासून ठेवत जाईन."

मी बरं म्हणालो. लिंबाच्या वासाची सवय आता मरळीनंच करून घ्यावी.