राहीची बेरीज

कोंडवाडी, ता. लांजे
५ मार्च १९८४

ती. दादास गोदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

सारी खुशाल आहेत असं लिहायची रीत, पण तुझ्यापासून काय लपवू? राहीच्या मास्तरांनी मामंजींना सांगितलं, बेरजेला पोरीची पाटी कोरीच असते, पहिलीतच बसवावी लागेल. मामंजी म्हणाले, बसली तर शाळा पुरे, शेळ्या राखील. आमचे हे मुंबईला, त्यांना कळवायचा धीर होत नाही.

नवल म्हणजे घरी माझ्याशेजारी बसून तिची एक बेरीज चुकत नाही! तू स्वतः मास्तर, तूच सांग काय करू. वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, या संकटात जरा वाढव.

तुझी गोदा

दापोली
१० मार्च १९८४

चि. गोदास अनेक आशीर्वाद.

रडूबाई, आधी डोळे पूस. बेरीज करताना राही पाटीकडे बघते की तुझ्याकडे, एवढं बघ. मग मूठभर चिंचोके दे आणि तिच्याकडे पाठ करून बस. बरोबर की चूक, ते तिनंच पुन्हा मोजून ठरवायचं. तू अवाक्षर काढायचं नाहीस. तुला ते जमणं कठीण, ठाऊक आहे मला! मामंजींशी वाद घालू नकोस. मायेत अंतर नाही.

तुझा दादा
सहदेव

कोंडवाडी
२८ मार्च १९८४

ती. दादास सा. न.

मीच चोर निघाले. मी सुपात तांदूळ निवडत असते. ती अकरा, बारा, तेरा म्हणत जाते, उत्तर आलं की माझा हात थांबतो, आणि ती लिहून मोकळी! मला पत्ताच नव्हता.

पाठ केली तर तिनं चिंचोके भिरकावले, उपाशी निजली. मामंजी म्हणाले, आई आहेस की वैरीण? आता मोजते, पण चुकते, आणि मी ओठ आवळून बसते. परीक्षा तोंडावर आली. पोरीचं वाटोळं तर करत नाही ना मी? तुझा राग आलाय, तरी उत्तर धाड.

गोदा

कोंडवाडी
१८ एप्रिल १९८४

ती. दादास सा. न. वि. वि.

राही दुसरीत गेली. मामंजी वाडीभर सांगत फिरताहेत. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

परीक्षेदिवशी राहवेना, म्हणून शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. मास्तरांनी बेरीज घातली आणि तिनं पाटी सोडून माझ्याकडे बघितलं. दादा, मी तोंड फिरवलं. पुन्हा वळले तर तिची मान खाली, बोटं हलत होती. लिहून झाल्यावर मास्तर म्हणाले, नीट बघ हं. मला वाटलं, आता पुसणार. तिनं पुन्हा मोजलं आणि पाटी तशीच पुढे केली.

बाहेर आली ती फुरंगटलेली. बरोबर आलं का, म्हणून मलाच विचारू लागली. मला पाटीवरचा आकडा दिसलाच नव्हता, म्हणून मी खरोखरच विचारलं, तुला काय वाटतं? तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे म्हणाली, आणि भूक लागली म्हणत घराकडे चालू पडली. मी मागून रडत रडत आले.

तुझ्यावरचा राग गेला, लोभ तेवढा ठेव.

तुझी गोदा