मोटरच्या चार तारा

बाबा,

"लाकडाला घाई करू नकोस, पोरी, ते डोंगरावरून चालत आलंय," असं तुम्ही मला मांडीवर घेऊन सांगायचात. पहाटे स्वप्नात ती देवदाराची झाडं पुन्हा चालत आपल्या दारी आली.

मी गिटारी कोरायच्या यंत्राचे स्क्रू आणायला उरुआपानला जातेय. मक्याच्या वाफवलेल्या कोरुंदा टोपलीत फडक्याखाली आहेत.

काल मोटर फिरली नाही, नुसती गुणगुणत जागीच थरथरली. तिच्या चार तारांच्या जोड्या मी चुकवल्या होत्या. "तुझ्या राणीला थंडी वाजतेय," म्हणून तुम्ही हसलात.

तिची वीज तोडून तारा सुट्या करून ठेवल्यात. कुठल्याही दोन तारांची टोकं एकत्र पिळा आणि मोटरची दांडी बोटांनी फिरवून बघा. जड लागली की ती जोडी, तिला लाल दोरा बांधा. माझ्या बोटांना तो फरक नीट कळेना.

याला स्थिर हात लागत नाही, बाबा. तुमचा उजवा हात थरथरतो, हे मला पावसाळ्यापासून ठाऊक आहे. गिटारींवरची फुलं कागदावर तुम्हीच काढायची, वेडीवाकडी आली तरी चालतील. कोरायला मी आहे आणि ही राणी आहे.

नेरेइदा